हिनर्क ल्यूर्सची सर्दी

ट्रेबेनाऊत माणूस गेला की दोन-तीन दिवसांत पाद्री घरी येतात, स्वयंपाकघरात बसून कॉफी पितात आणि गेलेल्याबद्दल विचारून घेतात. मग तेच सगळं चर्चमध्ये आपल्याला परत ऐकवतात, आणि आपण पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे रडतो. पद्धत जुनी आहे आणि कुणाची तिच्याबद्दल तक्रार नाही. फक्त पाद्रीबाई आलर्स यांची एक खोड होती. त्या ऐकलेलं सगळं वहीत लिहून घेत आणि एकदा लिहिलं की त्यातलं काही गाळत नसत.

सोमवारी दहाला त्या आल्या तेव्हा गेशे नवऱ्याच्या खुर्चीत बसली होती. एरवी ती त्या खुर्चीत कधी बसायची नाही. पण दार उघडं ठेवलं की तिथून बोळातला फोन दिसायचा, म्हणून शुक्रवारपासून तिने जागा बदलली होती. थोरली मुलगी इम्के हँबर्गहून येऊन राहिली होती. तिने कॉफी ओतली, केकचे तुकडे पुढे ठेवले आणि आईच्या बाजूला उभी राहिली.

पाद्रीबाई म्हणाल्या, आठवेल तसं सांगा, क्रम चुकला तरी चालेल. गेशेने सांगायला घेतलं. हिनर्क याच घरात जन्मला. बाप सुतार, आजा सुतार. चाळीस वर्षं त्याने छपरं उभी केली. वासे, आढी, तुळया, सगळं सांध्यात सांधा बसवून. खिळा वापरायची वेळ आली की त्याचं तोंड कडू व्हायचं. गावातली एकतीस छपरं त्याच्या हातची, आणि वादळाच्या वर्षी शेजारच्या गावात कौलं उडाली तेव्हा या एकतिसांपैकी एकही हललं नव्हतं.

दुपारी तो घरी जेवायचा. काम वीस किलोमीटरवर असलं तरी साडेबाराला गाडी काढून घरी यायचा, बटाटे खायचा, बाकावर दहा मिनिटं डोळे मिटायचा आणि परत जायचा. कामावरचे लोक हसायचे. म्हणायचे, मालक, डबा नेत जा की. तो म्हणायचा, डब्यात बायको मावत नाही.

हे ऐकून पाद्रीबाई हसल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. मग इम्केने पलंगाचं सांगितलं. ती तीन वर्षांची असताना बाबांनी तिच्यासाठी पलंग केला होता. ती वाढली, तसा त्यांनी नवा न करता तोच कापून, मध्ये तुकडा जोडून लांब केला. असं तीनदा. आई म्हणायची, अरे नवाच कर की एक, सुताराच्या पोरीला जोडाजोडीचा पलंग कसला. तर म्हणायचे, हिला याची सवय आहे. इम्के उगाचच कॉफी गरम करायला वळली.

सांगण्यासारखं खूप होतं. नवं आढं चढलं की सुताराने वर उभं राहून चार ओळी म्हणायच्या, एक प्याला प्यायचा आणि तो खाली फेकून फोडायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. प्याला फुटला नाही तर घराला बरं नसतं. शेजारी कोर्ड बेनच्या गोठ्याच्या वेळी हिनर्कचा प्याला रेतीच्या ढिगाऱ्यात पडला आणि शाबूत राहिला. त्याने दुसरा मागवला, तोही रेतीत. मग हा माणूस सगळ्या गावासमोर शिडीवरून खाली उतरला, दोन्ही प्याले दगडावर ठेवले आणि हातोड्याने शांतपणे फोडले. कोर्ड अजून सांगतो, माझ्या गाई निरोगी आहेत त्या हिनर्कच्या हातोड्यामुळे.

पाद्रीबाईंनी पान उलटलं. “आणि तरुणपणी ते वाटेवर गेले होते ना? कारागिरांच्या?”

“गेला होता,” गेशे म्हणाली. “अडीच वर्षं.”

“तीन वर्षं आणि एक दिवस असतो ना नेम?”

“त्याची अडीच झाली.”

पाद्रीबाई शहरातल्या होत्या, पण बारा वर्षं इथे काढलेल्या. त्यांनी पुढे विचारलं नाही. गेशेनेही सांगितलं नाही, कारण ते चर्चमध्ये ऐकायची तिची तयारी नव्हती.

शिकून तयार झालेला सुतार तीन वर्षं आणि एक दिवस घराबाहेर काढतो. काळी कॉर्डरॉय, रुंद काठाची टोपी, हातात काठी, पाठीवर गाठोडं. आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटर आत पाऊल टाकायचं नाही. खिशात फोन ठेवायचा नाही. लग्न झालेलं नसावं, मूलबाळ नसावं. घरात कुणी मरणाच्या दारात असलं किंवा गेलं तरच हद्दीच्या आत यायला मुभा. हिनर्क अशाच वाटेवर असताना हुजुमला गेशेच्या मावशीच्या खानावळीचं छप्पर करायला आला होता. छप्पर झालं, आणि पुढच्या चार महिन्यांत गेशेला दिवस राहिले. बाळंतपण जवळ आलं तेव्हा वाट संपायला सात महिने बाकी होते. तो म्हणाला, बाळंतपणापुरता घरी जाऊ, बाळ बघतो, सुतार मंडळींशी बोलून काय ते ठरवतो. दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि चाळीस वर्षं राहिला.

कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. गाव चांगलं आहे. पण सुतारांच्या वार्षिक जेवणात वाट पुरी केलेले पहिल्या टेबलावर बसतात, आणि हिनर्क चाळीस वर्षं दुसऱ्या टेबलावर बसला. वाटेवरचे कारागीर घालतात ती कानातली सोन्याची कडी त्याने आपल्या हाताने काढून ठेवली होती. कानाचं भोक बुजून गेलं. घरी त्याने हा विषय पहिल्यांदा काढला तो मुलगा त्यार्क वाटेवर निघाला त्या सकाळी. म्हणाला, “गेशे, मी आलो त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण पुरं केलं नाही त्याचं वाटतं.” या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे तिलाही कळत होतं. तरी दुसरं वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. तिच्यामुळे एक माणूस वाटेवरून उतरला होता.

“आणि मुलगा?” पाद्रीबाईंनी विचारलं.

इम्के म्हणाली, त्यार्क एकवीस महिन्यांपासून वाटेवर आहे. कुठे आहे ते कळत नाही. तो महिन्यातून एखाद्या रविवारी कुठल्यातरी दुकानातून, खानावळीतून फोन करतो. आता आपण फोन करणार कुठे? कारागिरांची जिथे जिथे मुक्कामघरं आहेत तिथे निरोप दिलेत.

“येईल तो,” पाद्रीबाई म्हणाल्या आणि वही मिटता मिटता शेवटचं म्हणून विचारलं, “एका वाक्यात सांगायचं तर कसे होते ते?”

गेशे फोनकडे बघत होती. तोंडाला आलं ते ती बोलून गेली. “कधी खोटं बोलला नाही.”

पाद्रीबाईंनी वही पुन्हा उघडली आणि ते लिहून घेतलं. गेशेला वाटलं, सांगावं यांना, हे खोडा. पण खोडायला सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

दुखणं ऑगस्टच्या शेवटी कळलं होतं. स्वादुपिंडाचं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, म्हणाले, सहा आठवडे, फार तर आठ. हिनर्कने गाडीत बसल्यावर विचारलं, “कोर्डच्या मुलाच्या घराचे वासे कापायचे राहिलेत, ते होतील का गं?” आणि खरोखरच उरलेल्या दिवसांत त्याने ते कापून खुणा घालून ठेवले. पिवळा पडला होता, पँट कमरेवर राहत नव्हती, पण रंधा सुटत नव्हता.

गेशेने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, त्यार्कला बोलावू. मुभा आहे, कुणी नावं ठेवणार नाही. हिनर्क नाही म्हणाला. तिने पुन्हा विचारलं तेव्हा त्याने पटाशी खाली ठेवली आणि तिला समोर बसवलं.

“घरी आलेला परत जात नाही, गेशे. मी दोन दिवसांसाठी आलो होतो. तो येईल, मला असा बघेल, मग तुला एकटीला बघेल, आणि म्हणेल राहू दे आता. मला ते नको आहे. त्याचे पंधरा महिने राहिलेत. त्याला ते करू दे.”

“आणि मला विचारेल तेव्हा?”

“तुला कशाला विचारतोय? फोन मी घेईन.”

सप्टेंबरात एक वाटेवरचा पोरगा रात्रीपुरता आसरा मागायला आला होता, तशी पोरं आमच्याकडे येतच असतात. हिनर्कने त्याला जेवू घातलं आणि निघताना बजावलं, रस्त्यात त्यार्क ल्यूर्स भेटला तर सांग, म्हातारा ठणठणीत आहे. पोरगा त्याच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघत बरं म्हणाला.

मग तो रविवार आला. दुपारचे बारा. फोन वाजला तेव्हा हिनर्क बाकावर उशांना टेकून होता. गेशेने फोन आणून त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसली. बसायलाच हवं होतं, कारण फोन धरायला त्याचा हात पुरत नव्हता. तिने त्याच्या कोपराखाली हात दिला. त्यार्कचा आवाज तिलाही स्पष्ट ऐकू येत होता.

हिनर्कने आवाज कुठून आणला कोण जाणे. चाळीस वर्षं आढ्यावरून खाली हाका मारलेला आवाज होता. म्हणाला, “काय रे, कुठे आहेस?”

“लांब आहे, बाबा. खाली दक्षिणेत. एका तबेल्याचं छप्पर चाललंय.”

“ओकचं?”

“ओकचं.”

“मग सांधे सैल ठेवू नको. ओक वाळला की तोंड उघडतं.”

“बाबा, तुम्ही कसे आहात?”

“मी? साधी सर्दी झालीय. आवाज बसलाय जरा. तुझी आई मध लावतेय सगळ्याला.”

“नुसती सर्दीच ना?”

“मग काय, बारसं? जा, काम कर. रविवारी कसला फोन करत बसतोस दुसऱ्याच्या दुकानातून.”

त्यार्कने फोन ठेवला नाही. गेशेच्या तोंडात शब्द आला होता. एकच. ये. तो म्हणायला एवढासा श्वास लागला असता. हिनर्कने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, दमही दिला नाही. तो विनवत होता, आणि अख्ख्या संसारात त्याने तिला विनवलेलं तिला आठवत नव्हतं. आपण याला एकदा वाटेवरून उतरवलंय, आता मुलालाही उतरवायचं का, असं तिच्या मनात आलं आणि तिने तोंड मिटून घेतलं. त्यार्क म्हणाला, आईला सांगा, मी बरा आहे. हिनर्क म्हणाला, सांगतो. फोन ठेवल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि त्या दिवसानंतर त्याने रंध्याला हात लावला नाही. बाराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तो गेला.

तेव्हापासून गेशेला दोनच गोष्टींची भीती होती. एक, मातीच्या आधी त्यार्कचा फोन येणार नाही. आणि दुसरी, तो येईल आणि त्यार्क विचारेल, आई, त्या रविवारी तू कुठे होतीस. कोणती मोठी ते तिला ठरवता येत नव्हतं. इम्के बापासारखीच, हातात काम धरलं की सोडायची नाही. दिवसभर तिने फोन लावले. ब्रेमेनच्या मुक्कामघरात कुणी म्हणालं, त्यार्क डेन्मार्कला गेला. न्युरेंबर्गचा म्हणाला, छे, स्वित्झर्लंड. एकाने छातीठोक सांगितलं की परवाच भेटला होता, आणि मग तो भलताच कुणी त्यार्क निघाला. मध्ये मध्ये इम्के फोन खाली ठेवायची. तेवढ्यात आपला फोन वाजायचा राहून गेला तर, म्हणून.

“बाबांनी त्याला सांगायला हवं होतं,” बुधवारी ती म्हणाली. “तूही काही बोलली नाहीस?”

“मला बोलायचं होतं,” गेशे म्हणाली. इम्केने आईकडे पाहिलं आणि पुढचा नंबर फिरवला.

शुक्रवारी दोनला माती होती. आमच्याकडे खांदा शेजारी देतात, आणि ते सगळं पहिल्या, म्हणजे लगतच्या, शेजाऱ्याने जमवायचं असतं. कोर्डने सहापैकी पाच माणसं ठरवली आणि सहावी जागा रिकामी ठेवली. म्हणाला, पोरगा शेवटच्या घटकेलासुद्धा येऊ शकतो, काठी टेकत चर्चच्या दारात उभा राहील. सुतार मंडळी काळ्या टोप्या घालून आली होती, पहिल्या टेबलावरचीही. दोन वाजले. मग सव्वादोन. पाचही जण पेटीपाशी उभे होते आणि गाव रस्त्याकडे बघत होतं. एक टपालाची गाडी आली आणि वळून गेली. पाद्रीबाईंनी घड्याळाकडे न बघता कोर्डकडे पाहिलं. तेव्हा पहिल्या टेबलावरचा सगळ्यात म्हातारा सुतार, ऐंशीच्या पुढचा, सहाव्या जागी जाऊन उभा राहिला. त्याला ते पेलणारं नव्हतं. बाकीच्या पाच जणांनी त्याचा भार आपल्यावर घेतला आणि त्याला नुसता हात लावून चालू दिलं.

पाद्रीबाईंनी सगळं सांगितलं. एकतीस छपरं, डब्यात न मावणारी बायको, पलंगाचे तीन सांधे. हातोड्याची गोष्ट आली तेव्हा लोक मोकळेपणी हसले. शेवटी त्या म्हणाल्या, “त्यांच्या पत्नीने मला एका वाक्यात सांगितलं, हा माणूस कधी खोटं बोलला नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते, गावापुरतं. गेशेने मान खाली घातली. लोकांना वाटलं, ती रडतेय.

मग खानावळीत कॉफी झाली, लोण्याचा केक झाला. जो तो तिच्या हातावर हात ठेवून म्हणत होता, त्यार्कचं वाईट वाटून घेऊ नका, त्याला बिचाऱ्याला कुठे माहीत होतं. ती हो म्हणत होती. दुसरं काय म्हणणार?

रविवारी बाराला फोन वाजला. इम्के अंगणात होती. गेशे खुर्चीतून उठली, बोळात गेली आणि तिने फोन उचलला.

“आई, मी. इथे इन्सब्रुकच्या मुक्कामघरात चिठ्ठी होती. घरी फोन कर, एवढंच लिहिलंय.”

तिने सांगितलं. आठ दिवस मनात जुळवलेलं काहीच उपयोगाला आलं नाही. म्हणाली, बाबा गेले, परवा शुक्रवारी माती झाली, तुला फार शोधलं. पलीकडे कुणीतरी कपबश्या विसळत होतं. ते थांबल्यावर त्यार्कने विचारलं.

“कशाने?”

तिने तेही सांगितलं.

“कधीपासून होतं?”

“ऑगस्टपासून.”

“म्हणजे मी मागच्या वेळी फोन केला तेव्हा होतं.”

“होतं.”

“बाबांना माहीत होतं?”

“होतं.”

“आणि तुला?”

अजून वाव होता. मला नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं. मी बागेत होते, असंही. हिनर्क असता तर त्याने हेच सांगायला लावलं असतं, आणि तो स्वतः सांगून गेलाही असता, आवाज चढवून. गेशेने बोळातल्या भिंतीला पाठ टेकली.

“मलाही माहीत होतं. मी शेजारीच बसले होते, त्यार्क. त्यांचा हात मीच धरला होता, फोन पेलवत नव्हता म्हणून. तुझं सगळं बोलणं ऐकू येत होतं मला. मला म्हणायचं होतं, ये. मी म्हटलं नाही.”

आता तो काय म्हणेल ते म्हणू दे, असं ठरवून ती उभी राहिली. त्याने फोन आपटला असता तरी तिने त्याला दोष दिला नसता.

“आई,” तो म्हणाला, “मी दक्षिणेत नव्हतो.”

“म्हणजे?”

“ल्यूनेबर्गला होतो. बावन्न किलोमीटरवर. एका बेकरीतून फोन केला होता. तुमच्याकडे राहून गेलेला तो पोरगा मला भेटला होता. म्हणाला, तुझा बाप पिवळा पडलाय, जाऊन ये. मी तीन दिवस चालत आलो होतो. म्हटलं, बाबांचा आवाज ऐकू, ते नुसतं हूं म्हणाले तरी निघू. मग ते सर्दी म्हणाले. मी म्हटलं, त्यांना नकोय मी आलेलं. म्हणून मागे फिरलो.”

गेशे हळूहळू खाली बसली, बोळातल्या फरशीवर, बुटांच्या शेजारी. बाहेर इम्के दोरीवरचे कपडे काढत होती. तिला हाक मारावी असं गेशेला वाटलं, पण मारली नाही.

“तुला ते खरं वाटलं होतं का रे?” तिने विचारलं. “सर्दीचं?”

“नाही,” त्यार्क म्हणाला.